पाचवी सर्व्हिस

चौथी सर्व्हिसही सुभद्राच्या हातांना लागून मैदानाबाहेरच्या बैलगाड्यांत गेली. व्हॉलीबॉलच्या शेवटच्या सेटचा चौदा-नऊ असलेला गुणफलक आता चौदा-तेरा झाला. सुभद्राच्या बोथ गावच्या संघाला अजून एकच गुण हवा होता. पण समोरच्या, निर्मल गावच्या मुलींना सुभद्रा सापडली होती. दुसऱ्या कुणाकडे सर्व्हिस मारायची त्यांना गरजच उरली नव्हती.

"वाक नं वं," रेषेबाहेरून नागोराव सर म्हणाले. "तीन महिने झाले सांगून राह्यलो. खांबासारखं उभं राहून सर्व्हिस उचलता येत नसते."

त्यांच्या आवाजात आता रागही नव्हता. टाइमआउट संपले होते. राखीव खेळाडू एकच, ती तापाने फणफणून गाडीत पडली होती.

हरल्या तर बाकीच्या पाच जणी पुढच्या वर्षी खेळणार होत्या. सुभद्रा नाही. ती बाजारहत्नूरच्या डोमाजींची सून. आई आजारी आहे, माहेरी मावल्याला जाते, असं सांगून आलेली. एक आई वर्षातून किती वेळा आजारी पडणार? जिंकल्या तर मात्र हैदराबादहून राज्य स्पर्धेचं पत्र येणार होतं, आणि शिक्क्याच्या कागदाला सासरे कधी नाही म्हणत नसत.

शिट्टी वाजली. समोरच्या मुलीने चेंडू वर फेकला. सुभद्राने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मागे, दोरीपलीकडे, लाल फेटा होता. हातात बाजाराची पिशवी. फेट्याखाली सासरे.

डोमाजी तिच्याकडेच पाहत होते.

त्या घरात सासरे दिसले की आधी नमस्कार, मग बाकीचं. सुभद्राचा हात पदराकडे गेला. जर्सीला पदर नव्हता. मग सहा वर्षांच्या सवयीतलं जे उरलं होतं, ते तिने केलं. गुडघे वाकले, कंबर वाकली, दोन्ही हात जुळून पुढे आले. नजर मातीत.

चेंडू तिने पाहिलाच नाही. तो जुळलेल्या मनगटांवर आदळला, उंच उडाला आणि जाळीपलीकडे गेला. निर्मलच्या सहाही जणी 'तू घे' म्हणून एकमेकींकडे पाहत राहिल्या. चेंडू शेवटच्या रेषेच्या आत पडला. डोमाजींच्या पायांपासून चार हातांवर.

पंधरा-तेरा.

सगळे ओरडत होते. सुभद्रा तशीच वाकलेली. डोमाजी दोरी ओलांडून, मैदान तुडवत तिच्यासमोर आले.

"मावल्याले गेल्ती नं तू?"

जिंकूनही आपलं खेळणं संपू शकतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

नागोराव सर धापा टाकत आले. त्यांनी एकदा सुनेच्या वाकलेल्या कमरेकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. मग शिट्टी खिशात घातली आणि डोमाजींच्या पाया पडले.

"मामाजी, तुमी हैदराबादले चला. काही करायचं नाही. फक्त हिच्या समोर उभं राह्यचं."

डोमाजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. जाळीच्या या बाजूला पाहिलं, त्या बाजूला पाहिलं.

"अन् बाजू बदलली," ते म्हणाले, "तं मी बी तिकडं जायचं का?"