दहावं कलम

"पट्टी कोणी सोडली?" वाळलेल्या आंब्याच्या कलमावरून बोट फिरवत घाडी सरांनी विचारलं.

तेजलने मान खाली घातली. प्रॅक्टिकलसाठी प्रत्येकाने दहा कलमं बांधायची होती. तिने बांधलीही नीट. पण धीर कुठला धरवतोय! सांधा जुळला की नाही हे बघायला ती रोज सकाळी प्लास्टिकची पट्टी सोडायची आणि पुन्हा बांधायची. नऊच्या नऊ वाळली.

"आणि दहावं?"

दहावं कॉलेजच्या गळक्या टाकीमागे राहून गेलं होतं. महिनाभर तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. तिथून आणलेली त्या रोपाची पिशवी सरांनी पुढे ओढली. शेंड्याला तांबूस, लुसलुशीत पानं फुटली होती.

"विसरलीस, म्हणून यानं जीव धरला," सर हसले. "पोरी, बांधून झालं की हात आवरायचा. जा, एवढ्यावर पास केलं."

तेवढ्यात मोबाइल वाजला. ती होस्टेलला आल्यापासून आईचे दिवसाला चार फोन ठरलेले.

"जेवलीस का गं? करमतंय ना? रविवारी पुन्हा येऊन बघून जाऊ का?"

त्या इवल्या पानांकडे बघत तेजल हसली.

"नको गं आई, एवढ्यात नको येऊस. जीव धरतेय मी."