त्यांच्या गावचा

दुसऱ्या महायुद्धात इटलीत बेपत्ता झालेल्या आजोबांचा माग काढत हणमंत शेलार एका डोंगराळ खेड्यात पोचला. चर्चमागच्या कबरीवर नाव त्यांचंच होतं, पण मृत्यू युद्धानंतर तीस वर्षांनी झालेला. तिकडं साताऱ्याजवळ आजी मरेपर्यंत त्यांच्या नावाचं कुंकू लावत होती.

कबरीवर फुलं ठेवणारी म्हातारी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझे वडील. जखमी सापडले, आईनं लपवून जगवलं. मागं कुणीच नाही म्हणायचे. तुम्ही कोण?"

तिचं नाक हुबेहूब हणमंताच्या वडिलांसारखं होतं. आत्या म्हणून हाक मारावी, असं त्याला वाटलं.

"त्यांच्या गावचा," तो म्हणाला.

"तिथं कुणी त्यांची आठवण काढायचं?"

"होती एक बाई," एवढंच बोलून तो एकटा डोंगर उतरू लागला.