सूर ओळखा

"पर्याय नीट वाचा," जीवन सरांनी फळ्यावर खडू टेकवला. "आदर, उपरोध, कळवळा, तटस्थता. लेखकाचा सूर कोणता?"

अकोल्यातल्या त्या लांबट खोलीत स्पर्धा परीक्षेची पोरं दाटीवाटीनं बसली होती. उतारा साधाच होता. थोरला भाऊ धाकट्याच्या लग्नात पंगती उठल्यावर पोचतो आणि धाकटा लिहितो, 'आपण वेळात वेळ काढून आलात, आमचे भाग्य उजळले.'

"आदर," आरजू म्हणाली.

"झालं! भुलली शब्दाले," सर हसले. "अरे, घरचा माणूस अहो-जाहो कराले लागला की समजून जा, आत दुखलं हाये. उत्तर, उपरोध."

"पण सर, त्याले खरंच आदर वाटत असला तर?"

"तर हा उतारा परीक्षेत काहून आला असता?"

वर्ग खदखदून हसला. आरजूनंही हसत उत्तर खोडलं. सूर ओळखण्यात सरांचा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात कोणी नाही, असं पोरं म्हणायची. खरं सांगायचं तर सरही म्हणायचे.

वर्ग सुटला आणि सरांचा चेहरा उतरला. आता घरी जायचं होतं.

दारात आई बसलेली होती. पार्बताबाई. जीवनची चप्पल वाजली तशी ती लगबगीनं उठली, डोक्यावर पदर घेतला आणि बाजूला सरकून उभी राहिली.

"या जी सर. बसा. पानी आनतो."

झालं सुरू! जीवनच्या काळजात कळ उठली. जन्मभर या बाईनं त्याला 'मुडद्या' म्हणून हाक मारली होती. शाळेतून आला की मुडद्या, नोकरी लागली तरी मुडद्या, लग्नाच्या मांडवात बाशिंग बांधलेला असतानाही मुडद्या. आणि आता सर! ताटलीत पेला ठेवून पाणी!

चूक त्याचीच होती, तेही त्याला कबूल होतं. बाजारात तिचं फुलांचं दुकान होतं. दुकान कसलं, एक पाट, दोन टोपल्या आणि वर ताडपत्री. पण सारा बाजार तिला आई म्हणायचा. भाजीवाला आई म्हणायचा, गिऱ्हाईक आई म्हणायचं, चौकातला पोलीसही आई म्हणायचा. मध्यंतरी तिनं लग्नाचे हार मयतीच्या घरी धाडले आणि मयतीचा हार लग्नघरी. लग्नघरची माणसं भांडायला आली. जीवन तिथंच उभा होता. लाजेनं त्याचं डोकं फिरलं.

"लक्ष कुठी असते तुहं? उद्यापासून इथं बसलीस तर मी तुह्या घरात राह्यणार नाई," तो चारचौघांत ओरडला आणि पाट उचलून हातगाडीवर टाकला.

ती हातातली सुई तशीच धरून त्याच्याकडे नुसती पाहत राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचं 'तुमी' सुरू झालं.

जीवननं नाकदुऱ्या काढायचं बाकी ठेवलं नाही. शेवंतीची टोपली आणून पुढ्यात ठेवली.

"कशाले तरास घेतला जी? लई चांगली हायेत," ती म्हणाली, अगदी गोड. त्या गोडव्यानं तो जास्तच पोळला.

रात्री सगळ्यांची जेवणं झाली तरी ती एक ताट वाढून झाकून ठेवायची. जीवन समोर ढेकर देत बसलेला असायचा, तरी ठेवायची. इतका टोचून बोलणारा माणूस त्यानं पाहिला नव्हता, तेही तोंड न उघडता.

"मले तर आई रागावल्यासारख्या वाटत नाईत," त्याची बायको गीतांजली म्हणाली. "काल मले विचारलं, सर जेवून जातीन का? किती मायेनं विचारलं."

"तुले नाई समजणार. हा उपरोध हाये. मी हेच शिकवतो ना दिवसभर?"

"शिकवता खरं," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

रविवारी सकाळी जीवनचा धीर सुटला. त्यानं माळ्यावरून तिचा पाट काढला, पुसला, ओसरीत तिच्यासमोर ठेवला आणि तिच्या पायाशी बसला. इतका मोठा सर, पण हात जोडले.

"आई, चुकलो. उद्यापासून दुकान लाव तुहं. शिव्या दे, थापडा मार. पण हे 'तुमी' बंद कर. मले सहन होत नाई आता."

पार्बताबाईनं पदर सावरला. ती गोंधळलेली दिसली. मग त्याच्या डोळ्यांतलं पाणी पाहून तिचा चेहरा निवळला. जीवनचा जीव भांड्यात पडला. पाघळली!

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दाराकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या कानाशी वाकून हळूच बोलली.

"रडू नका जी, सर. तुमी भले मानूस दिसता. माहं एक काम करता काय? माहा जीवन हार बदलले म्हनून बजारातून रागानं गेला, तवापासून घरी नाई आला. रोज ताट झाकून ठेवतो मी त्याचं. तुमी गावभर हिंडता, कुठी दिसला तर सांगजा, आई रागावली नाई म्हना. म्हना, मुडद्या, ये आता घरी."