कालचा रस्सा

उराईने नूडल्सच्या दुकानावरचा पिवळा झेंडा उतरवला आणि तडक देवळाची वाट धरली. आमच्या दक्षिण थायलंडात नऊ दिवसांच्या व्रतात लोक पिवळा झेंडा बघूनच खातात. झेंडा असला म्हणजे त्या चुलीला मांस-मासळी शिवलेली नाही. आणि आज सकाळी उराईने रश्श्यात पळीभर फिश सॉस ओतला होता. मुद्दाम नव्हे. वीस वर्षांची सवय, हात आपसूक गेला. लक्षात आलं तोवर पातेलं रिकामं झालं होतं.

देवळाच्या ओट्यावर पंच पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बसले होते.

"अकरा जणांनी खाल्लं. त्यांचं व्रत माझ्यामुळे मोडलं," ती म्हणाली. "दुकान कायमचं बंद कर म्हणालात तरी करते." दुकानाशिवाय तिला दुसरं काही नव्हतं.

व्रत मोडलेल्याला मिरवणुकीत देवाच्या पालखीला हात लावता येत नाही. पालखीचा पुढचा दांडा गेली तीस वर्षं मुख्य पंच कियातकाकांच्या खांद्यावर असतो. त्यांनी घसा खाकरला. "उराईकडे आज कोण जेवलं?"

जेवलेले बरेचजण तिथेच उभे होते. कुणी म्हणे घरी पेज घेतली, कुणाचं पोट बिघडलं होतं. शिंपीणबाई सोमजितने सकाळी वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला होता. ती आता छपरावरचे ड्रॅगन निरखत होती.

"मी तर सकाळी घराबाहेरच पडलो नाही," कियातकाका म्हणाले. "म्हणजे कुणीच खाल्लं नाही. मग व्रत मोडलं कुणाचं? जा, झेंडा लाव. उगीच गावाला घोर लावू नकोस."

उराईला सगळं आठवत होतं. दोन वाडगे तर यांनीच रिचवले होते. दुकान वाचलं, पण तिला त्याचा आनंद काही होईना.

दुसऱ्या दिवशी तिने नवं पातेलं चढवलं. मुळा, मशरूम आणि सोया सॉस, बास. फिश सॉसची बाटली शेजारणीकडे ठेवायला दिली. झेंडा वर होता. बाकं भरली, कालचेच अकरा जण आले. कियातकाकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, इकडेतिकडे पाहिलं आणि पुढे वाकून हळूच म्हणाले,

"अगं, आज काही चव नाही. कालच्यासारखा कर ना."

उराईने पळी खाली ठेवली. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं,

"कालचा कसा होता, काका?"