कानातला दुभाष्या

"गुन्हा तुमचाच आहे, साहेब!" शाळेतल्या तायवाडे मॅडम फोनवर शिक्षणाधिकाऱ्यांवर कडाडल्या.

"दुभाषी यंत्रं उद्या चालू होतील, मॅडम. तोवर पोरांचे खेळ घ्या."

मॅडमच्या मांडीवर पहिलीतली फुलय पोट धरून कण्हत होती. तोंडाकडे बोट दाखवून कोरकू भाषेत एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती. रानातलं काहीतरी खाल्लं होतं तिनं. काय, ते मॅडमना कळेना. मोठ्या पोरांना विचारावं, तर त्यांनाही मराठी येईना. सगळ्यांच्या कानात दुभाष्या असताना शिकायची गरज कुणाला पडली होती?

मेळघाटात नव्या आल्या तेव्हा मॅडम याच पोरांच्या आयांकडून कोरकू शिकल्या होत्या. मग वरून हुकूम आला, की बाईंनी मराठीच बोलावं, नाहीतर यंत्र गोंधळतं. मॅडमनी तो मुकाट पाळला. वर्षं गेली आणि शिकलेलं सगळं गंजून गेलं.

"खेळ घेऊ? डॉक्टर समोर उभे राहून विचारताहेत, पोरीनं काय खाल्लं. ती सांगतेय हो मला! आधी समजायचं मला, तुम्ही कोरकू बंद करायला लावलंत. आता बोला साहेब, डॉक्टरांना काय सांगू?"