जात्यावरची बाई

"भीमा तर न्हाईच," छबूबाई म्हणाली आणि बोटावर पुढचं नाव धरलं.

एसटीनं जामखेड मागं टाकलं होतं, खर्डा यायचा होता. छबूबाईच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत कोरं लुगडं आणि नारळ. शेजारी सून रेश्मा. माहेरच्या वाडीत कोण कोण जात्यावर दळायचं, याची उजळणी घर सोडल्यापासून चालू होती. भीमाचा आवाज फाटका. छगनची आई गायची, पण तिला देवाधर्माचं वावडं. बाकीच्या कितीतरी तर वर गेल्या. जिला शोधायला निघालो, तीही गेली असली तर? नुसत्या विचारानं म्हातारी पुन्हा पहिल्या बोटापासून मोजायला लागायची.

झालं होतं असं. महिन्यापूर्वी रेश्माच्या मोबाईलवर कुणीतरी जात्यावरची ओवी पाठवली. जुनी टेप होती. जात्याची घरघर, बांगड्यांचा आवाज आणि एक बाई गात होती:

देवा शोधाया मी गेले, सात येशीच्या पल्याड
दिवा घरातच व्हता, माझी सावली गं आड

शेवटी एक तान्हं पोर रडतं आणि टेप संपते. रेश्मानं ऐकली आणि भाकरी थापायला घेतली. छबूबाई मात्र जागची हललीच नाही.

देवासाठी तिनं काय कमी पायपीट केली होती? दोन गुरू केले. गावोगावचे सप्ताह केले. जो तो महाराज सांगायचा, स्वतःला ओळखा, मग वेगळा देव शोधायला नको. घरी येऊन ती रेश्माला विचारायची, आता स्वतःला ओळखायचं म्हणजे काय गं? मी छबू, ह्यांची कारभारीण, हर्षलची आई. पुढं काय? पुढं काही सुचायचं नाही. पण पुढं काहीतरी आहे, ही हुरहूर तिला लग्नाआधीपासून छळत होती. आणि ही कोण कुठली बाई दळता दळता सहज सांगून मोकळी झाली होती. हिला कळलंय, छबूबाईनं मनाशी म्हटलं. मरायच्या आधी हिच्या पायाशी एकदा बसायचं.

घाई वेगळ्याच गोष्टीची होती. तिचा उजवा कान केव्हाच गेला होता, आणि डावाही वर्षभर टिकला तर नशीब, असं डॉक्टर म्हणाला होता. मशीनचाही उपयोग नव्हता. कान आहे तोवर ती ओवी तिच्या तोंडून ऐकायची, एवढंच छबूबाईचं मागणं. दिवसातून दहादा ती मोबाईल डाव्या कानाला लावायची आणि रडायची. आईला खूळ लागलंय, असं हर्षल म्हणाला. रेश्मानं मात्र मेसेज करकरून पाठवणाऱ्याला गाठलं. गाणारीचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, गाव तेवढं कळलं. ते निघालं छबूबाईचं माहेर. माझ्याच गावात हुती आन् मी मुलुखभर हिंडले, म्हणून तिनं कपाळावर हात मारून घेतला.

वाडीत दोघी पोचल्या तेव्हा थोरली भावजय कडूबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. पाणी झालं, चहा झाला. छबूबाईला कुठला धीर. तिनं रेश्माला टेप लावायला सांगितली आणि वहिनीच्या तोंडाकडे बघत बसली.

कडूबाईचे हात थांबले. ओवी संपली, पोर रडलं, आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

"कोन हाय ती, वैनी? जित्ती हाय न्हवं?"

"हाय की. आत्ताच चहा पिऊन माझ्यापुढं बसलीय."

छबूबाईनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

"अगं, ती तूच हायस," कडूबाई म्हणाली.

छबूबाई रागावलीच. थट्टेला काही वेळकाळ असतो की नाही? माझा आवाज मला कळत न्हाई व्हय? मग कडूबाईनं सगळं नीट सांगितलं. छबू पहिल्या बाळंतपणाला आली होती, लेकरू तीन महिन्यांचं झालं होतं. लाईट नव्हती म्हणून गिरणी बंद होती, तेव्हा घरातलं जातं काढलं. त्याच दिवशी पुण्याच्या दोन बाया ओव्या गोळा करत आल्या. त्यांना कडूबाईनंच ह्या ओसरीवर गुपचूप बसवलं, कारण सांगितलं असतं तर ही लाजून गप्प बसली असती. कडूबाईनं स्वतः तोंडातून शब्द काढला नव्हता, नुसता जात्याच्या खुंट्याला हात लावला होता. अशा किती ओव्या छबूनं रचल्या आणि पीठ भरता भरता विसरून गेली, त्याला गणती नव्हती.

"आन् ते रडतंय ना, तो तुझा हर्षल. मांडीवर घेऊन दळत हुतीस."

छबूबाईनं डावा कान पुढं केला. तिनं टेप परत लावायला सांगितली. या वेळी तिचं ओवीकडे लक्षच नव्हतं, ती पोराच्या रडण्याची वाट बघत होती. पोर रडलं, आणि तिचा हात आपोआप रिकामी मांडी थोपटायला लागला. ते तिच्या उशिरानं ध्यानात आलं. मग ती त्या हाताकडेच बघत राहिली, आणि डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलंसुद्धा नाही.

कडूबाईनं पिशवीतलं लुगडं काढलं, घडी मोडली आणि नणंदेच्या खांद्यावर घातलं. जिच्यासाठी आणलं तिला पोचलं, म्हणाली.

परत लावू का, रेश्मानं विचारलं.

"नगं," छबूबाई म्हणाली. "आता कान गेला तरी चालंल."