रातचा चष्मा

"लेन्स कशानं धुतेस?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"बाटलीतल्या औषधानं," दिव्या म्हणाली. उजवा डोळा लालभडक, पाणी थांबत नव्हतं.

चौदा वर्षांची दिव्या जिल्ह्याच्या कबड्डी संघात होती. चष्मा घालून कबड्डी होत नाही, म्हणून गोंदियाच्या याच दवाखान्यातून झोपताना घालायच्या लेन्स घेतलेल्या. रात्रभर लेन्स बुबुळाला हलकेच दाबून धरते, सकाळी काढली की दिवसभर चष्म्याविना लख्ख दिसतं. गावानं त्या लेन्सचं नाव ठेवलं होतं, रातचा चष्मा.

मागच्या स्टुलावर तिचा बाप देवचंद पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला होता. पोरगी खरंच बोलत होती. तिला बिचारीला ठाऊकच नव्हतं.

"पाणी कधीच लागलं नाही? नीट आठव. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकले तर बुबुळावर फूल पडतं. मग त्या डोळ्याची आशा सोडायची."

परवा सांजेला लेन्सची डबी देवचंदच्या हातून भुईवर सांडली. त्यानं लेन्स उचलली, घागरीतल्या पाण्यानं धुतली आणि डबीतही तेच पाणी भरून ठेवलं. पाणी तलावाचं. तो तलाव त्याच्या खापरपणज्यानं बांधलेला, आणि घरात जन्मलेल्या प्रत्येक लेकराचे डोळे पहिल्यांदा त्याच पाण्यानं धुतलेले. कंपनीच्या औषधापुढं आपलं पाणी काय कमी, असं त्याला वाटलं होतं. शहाणाच की नाही!

गप्प बसावं तर पोरीचा डोळा, बोलावं तर पोरीसमोर मान खाली.

"मॅडम," तो म्हणाला, "मी धुतलो. तलावाच्या पाण्यानं."

दिव्यानं मान वळवून बापाकडे पाहिलं. मॅडम रागावल्या नाहीत, त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. त्यांनी डोळ्यात पिवळं औषध सोडलं, दिवा मालवला आणि यंत्राचा निळा उजेड लावून कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"खरचटलंय फक्त, वरच्या वर. जंतूंची खूण नाही. बोललात ते बरं केलंत, नाहीतर मी भलतंच औषध दिलं असतं. ही लेन्स फेकून द्या. तीन दिवसांनी परत दाखवायला आणा."

"आन् बुबुळ? ते दबलेलंच राहीन का?"

"नाही हो काका. लेन्स बंद केली की काही आठवड्यांत ते आपल्या मूळ आकारावर येतं. तोवर जुना चष्मा. मग नवीन लेन्सचं बघू."

देवचंदचा जीव भांड्यात पडला. दारापर्यंत जाऊन तो परत वळला.

"आमचं पाणी खराब होय का, मॅडम?"

"धानाला उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या.

बाहेर रस्त्यावर येताच दिव्यानं पिशवीतून जुना चष्मा काढला. देवचंद घाईघाईनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसू लागला.

"बाबा, रडून राहिले का तुमी?"

"मी कायले रडू? धूर होय ट्रकचा."

दिव्यानं चष्मा नाकावर बसवला, हातानं डावा डोळा झाकला आणि उजव्यानं बापाचं तोंड नीट निरखून पाहिलं.

"मले दिसते ना," ती म्हणाली.